सोनकांबळे सरांचं शून्य

एकशे अकरा आकड्यांची बेरीज करायला मला चार मिनिटं लागली. गणिताची बाई म्हणून माझी एवढी तरी शान आहे. पण त्या चार मिनिटांत मोजण्यावरचा माझा जो भरवसा उडाला, तो वर्ष उलटून गेलं तरी अजून पुरता परतलेला नाही. हजेरी मोजतानासुद्धा मी मध्येच थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मुलं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत.

ती बेरीज ज्यांनी माझ्या हातात दिली ते मिलिंद सोनकांबळे सर. लातूरच्या एका तंत्रनिकेतनात आम्ही अकरा वर्षं शेजारी शेजारी शिकवलं. ते मोजमापाची उपकरणं शिकवायचे, मी गणित. आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये एक भिंत होती आणि ती सरळ नाही, हे सरांनी मला ओळख झाल्याच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सर ठेंगणे, सावळे, नेहमी दोन खिशांच्या शर्टात. डाव्या खिशात फोन, उजव्या खिशात ओळंबा. भिंत उभी चालली आहे की कलली आहे हे बघायला गवंडी दोरीला बांधून सोडतात, तो लोखंडी लट्टू. हा त्यांच्या वडिलांचा. नायगाव तालुक्यातल्या निम्म्या भिंती बाबांच्या हातच्या, असं सर अभिमानाने सांगत. त्यातल्या कितीतरी घरांत भिंत उभी राहिल्यावर बाबांना उंबऱ्याच्या आत येऊ दिलं जात नसे, हे मात्र ते सांगत नसत. ते मला पुढे त्यांच्या बहिणीने सांगितलं.

कुठेही गेले की सर डावा डोळा मिटायचे आणि समोरची वस्तू न्याहाळायचे. लग्नाचं स्टेज असो, प्राचार्यांच्या खोलीतला फोटो असो. चहा आला की आधी कपातल्या चहाकडे बघायचे. "चहा कधीबी सपाटच असतो मॅडम. वाकडं असतं ते टेबल." हे वाक्य मी अकरा वर्षांत निदान हजार वेळा ऐकलं असेल.

नांदेडला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला सर आले. जेवायच्या आधी त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर फोन आडवा ठेवला, डोळा मिटला आणि म्हणाले, "उतार उलटा हाय. पाणी मोरीकडं जायाच्या ऐवजी भिंतीकडं जाईल." सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, "हा माणूस जेवायला आलाय का तपासणीला?" आठवड्याने दूध उतू गेलं आणि मोरी सोडून थेट भिंतीकडे, मिक्सरच्या बटणापर्यंत गेलं. त्यानंतर सासूबाईंनी सरांसाठी डबा दिल्याशिवाय मला कधी लातूरला पाठवलं नाही.

सरांचं एक पालुपद होतं, "आधी शून्य." प्रयोगाला हात लावण्याआधी काटा शून्यावर आहे ना ते बघा, नसेल तर करा, मग पुढचं बोला. प्रयोगशाळेत ते ठीकच होतं, पण सर जगायचेही तसेच. एकदा वेळापत्रकावरून मी त्यांना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर अर्धापूरच्या केळ्यांची फणी आणि मागे उभे सर. "आधी शून्य करा मॅडम. कालचं कालच्या खात्यात. आज भांडायचं असंल तर आजपासून मोजू." मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस. आजही वाटतं. फक्त त्या वाक्याची आता भीती वाटते.

त्यांचा सगळ्यात गाजलेला तास म्हणजे कल मोजणाऱ्या चिपचा. त्यासाठी ते बाजारातून उवा काढायच्या दोन फण्या आणायचे. मुलं खो खो हसायची. सर शांतपणे एका फणीचे दात दुसरीच्या दातांमध्ये, एकमेकांना न टेकवता धरायचे.

"ह्ये बगा. ही एक फणी जागची हलत न्हाई. दुसरी बारीक बारीक स्प्रिंगांवर लोंबकळून राहिली. चिप कलली की धरती तिला आपल्याकडं ओढती. मंग काय होतं? दात एका बाजूनं जवळ येतात, दुसऱ्या बाजूनं लांब जातात. एसटीत उभं ऱ्हायलंय माणूस. गाडी वळली की शेजाऱ्याच्या अंगावर जातंय का न्हाई? तसंच."

दातांच्या मधल्या फटीत विजेचा थोडासा भार साठवलेला असतो. फट कमी झाली की जास्त भार मावतो, वाढली की कमी. चिपमधलं सर्किट तेवढा फरक वाचतं आणि किती अंशांनी कललं ते सांगतं. फोन आडवा केला की पडदा फिरतो तो याच करामतीने. हे सगळं सिलिकॉनमधून कोरलेलं, केसाहून बारीक, आणि अख्खी चिप हरभऱ्याच्या डाळीएवढी. शेवटी सर खिशातून ओळंबा काढून टेबलावर ठेवायचे. "बाबांचं आन हिचं काम एकच. फक्त बाबांचा ओळंबा वारा सुटला की हलायचा, हिला ऊन लागलं की ही बहकते. प्रत्येकाला एक खोड असतीच."

ऊन लागलं की ही बहकते. हे वाक्य त्यांना किती नीट माहीत होतं, हे मला सांगायचं आहे म्हणून लिहून ठेवते.

सरांना बहीण एकच, तारा. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. सरांपेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठ्या, नायगाव तालुक्यातल्या त्यांच्याच गावी अंगणवाडी चालवतात. अंगणवाडीची खोली गावाच्या पाण्याच्या टाकीला लागून. टाकी पन्नास फूट उंच, एक लाख लिटरची. तिचा व्हॉल्व्ह गळायचा. खाली काळी माती, पाणी प्यायली की फुगणारी आणि सुकली की भेगाळणारी. गवंड्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही. "अक्का, तुझ्या आन बावीस लेकरांच्या डोक्यावर लाखभर लिटर पाणी हाय," असं म्हणत त्यांनी एका सुट्टीत स्वतः तिथे जाऊन टाकीच्या खांबावर, अगदी वर, ती चिप बसवली. खाली पाणी सोडणाऱ्या मारोतीकाकांच्या खोलीत आकडा दाखवणारा डबा आणि भोंगा. टाकी अर्धा अंश कलली की भोंगा वाजणार, आकडा सरांच्या फोनवरही येणार.

पहिल्याच आठवड्यात भोंगा दोनदा वाजला, दोन्ही वेळा भर दुपारी. गाव उघड्या पायांनी पळालं. लेकरं, म्हातारी माणसं, एक बाळंतीणसुद्धा. टाकी जिथल्या तिथे. ऊन तापलं की चिप बहकत होती आणि सकाळी कधी थोडी इकडे, कधी थोडी तिकडे राहत होती; त्यात दुपारचं ऊन मिळालं की अर्धा अंश ओलांडत होती. गावात चेष्टा सुरू झाली, सोनकांबळ्याच्या मशीनला ऊन सोसत न्हाई म्हणून. मग सरांनी उपाय काढला. डब्याला एक लाल बटण बसवलं आणि मारोतीकाकांना सांगितलं, "काका, रोज पहाटं, ऊन निघायच्या आत, ह्ये बटण दाबून शून्य करायचं. आधी शून्य, मग पाणी सोडायचं."

मारोतीकाका म्हणजे साठीचे शेतकरी, घड्याळाचे पक्के. त्यांनी एक दिवस चुकवला नाही. भोंगा पुन्हा कधी वाजला नाही. सरांच्या फोनवर दिवसभर हिरवा ठिपका असायचा आणि तो मला दाखवल्याशिवाय त्यांचा चहा संपायचा नाही.

याच दिवसांत अक्कांचे फोन यायचे. सर स्पीकर लावून वह्या तपासत बोलत, त्यामुळे मलाही ऐकू यायचे.

"मिलिंद, अंगणवाडीचं दार घासून राहिलं रं. लागतच न्हाई."

सर फोनचा पडदा सरकवून बघायचे. "शून्य हाय अक्का. काय झालं न्हाई. सुताराला बोलीव."

सुताराने दार तासलं. तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. पुन्हा शून्य, पुन्हा सुतार. दुसऱ्यांदा अक्का म्हणाल्या, "तू बघून जा की एकदा." सर म्हणाले, "मी रोज बघतोय अक्का, हितं बसून." मी तेव्हा हसले होते, हे कबूल करते.

एप्रिलमध्ये जयंतीला सर गावी गेले आणि परत येताना मारोतीकाकांची वही घेऊन आले. नुसते खुशीत होते. "बगा मॅडम, आपल्या लोकांची शिस्त. मी लिवायला सांगितलंबी न्हवतं." काका रोज पहाटे बटण दाबण्याआधी डब्यावर जो आकडा असेल तो वहीत लिहीत होते. का, असं सरांनी विचारलं तर म्हणाले होते, "पुसायच्या आधी लिवून ठेवावं. पुसलेलं परत येत न्हाई."

सरांनी वही माझ्यापुढे ठेवली. "तुमच्या पोरांना सरासरी शिकवायला खरे आकडे. चिपचा थरथराट हाय नुसता. थोडं अधिक, थोडं वजा. सरासरी शून्य यील."

मी वर्गात न नेता आधी तिथेच बसून आकडे पाहिले. ०.०१. ०.०२. ०.०१. शून्य. ०.०१. मी पान उलटलं. मग पुन्हा मागे आले. थरथराट असेल तर कधी इकडे, कधी तिकडे, अधिक आणि वजा साधारण निम्मे निम्मे यायला हवेत. एकशे अकरा आकड्यांत वजाचं चिन्ह चारच ठिकाणी होतं.

"सर, हे वजा कुठायत?"

"असतील की."

"नाहीयेत."

ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी बेरीज करायला घेतली. चार मिनिटं माझं पेन आकड्यांवरून खाली उतरत गेलं. एक पूर्णांक दोन दशांश अंश. मी ते लिहिलं आणि त्याच्याखाली, सवयीने, पन्नास फुटांवर किती ते काढलं. एक फूट. टाकीचा माथा एक फूट बाहेर गेला होता. अर्ध्या अंशाला वाजणारा भोंगा वाजलाच नव्हता, कारण रोज पहाटे टाकी जिथे असेल तिथूनच तो नव्याने मोजायला लागत होता. ऊन पुसायला म्हणून लावलेल्या बटणाने कल पुसला जात होता, रोज चिमूटभर, सरांच्या हुकमाने.

मी वळून पाहिलं तर सरांचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्यांनी फोन लावला.

"अक्का, लेकरं बाहीर काढ."

"कामून रं? खिचडी शिजून राहिली."

"खिचडी ऱ्हाऊ दे. लेकरं काढ, तूबी नीघ. आन काकाला सांग, टाकी रिकामी कर म्हणावं. सगळी."

पलीकडे पातेलं खाली ठेवल्याचा आवाज. मग अक्कांचा आवाज, अगदी हळू, "शून्य हाय म्हणला होतास." आणि फोन बंद झाला.

गाडी मी चालवली. सर शेजारी ओळंबा मुठीत धरून बसले होते. लोह्याच्या पुढे गेल्यावर एकदाच बोलले, "परवा जयंतीला मी त्या टाकीखाली उभं ऱ्हाऊन भाषण केलं मॅडम. समोर गाव बसलं होतं. ह्यो खिशात होता." मी नुसती गाडी पळवत राहिले.

आम्ही पोचलो तेव्हा टाकीचं पाणी गटार भरून ओढ्याकडे चाललं होतं. गाव हंडे, घागरी, बादल्या घेऊन तुटून पडलं होतं आणि संतापलं होतं. ऐन उन्हाळ्यात भरलेली टाकी सोडायला मारोतीकाका तयार नव्हते, सरपंचांना विचारतो म्हणाले होते. तेव्हा अक्कांनी पदर खोचून व्हॉल्व्हचं चाक स्वतः फिरवलं. साठ वर्षांची बाई. लोक अंगावर आले तरी चाकापासून हलल्या नाहीत. लेकरं लांब विहाराच्या ओट्यावर खिचडी खाऊन खेळत होती. अक्कांनी पातेलंही मागे ठेवलं नव्हतं.

सर कुणाशी बोलले नाहीत. टाकीपासून बरेच लांब उभे राहिले, हात समोर ताठ केला आणि ओळंबा सोडला. तो थरथरून स्थिर झाल्यावर डावा डोळा मिटून त्यांनी दोरीला खांबाची कड लावून पाहिली. आम्ही सगळे बघत होतो. दोरी खाली खांबाला चिकटली होती आणि वर दोरी आणि खांब यांच्यामध्ये आभाळ दिसत होतं. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. शिव्या देणारी माणसं एकेक करून मान वर करून बघू लागली. सरांचा हात दुखला असेल, पण त्यांनी तो खाली घेतला नाही. शेवटी अक्कांनी दोरी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"दार तर कवापासून सांगून राहिलं होतं, मिलिंद."

एवढंच म्हणाल्या. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

पुढे टाकी पाडायला आलेल्या लोकांनी गिलावा काढला तेव्हा व्हॉल्व्हकडचा खांब पायाशी आरपार चिरलेला निघाला. कुणाला ओरखडाही आला नव्हता. गावाने सरांचा सत्कार ठरवला. मी मुद्दाम गेले. हार घालायला माणसं उठली तर सरांनी हात करून थांबवलं आणि उभं राहून, ज्या सुरात वर्गात फण्या समजावत त्याच सुरात, सगळं सांगितलं. बटण का बसवलं, त्याने काय पुसलं गेलं, किती सकाळी. "काकांनी लिवून ठेवलं म्हणून तुम्ही वाचलात. अक्कानं चाक फिरवलं म्हणून वाचलात. मी एकशे अकरा दिवस तुमचं मरण पुसून ठेवून राहिलो होतो."

मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजी तुमच्यामुळंच?"

"हाव," सर म्हणाले आणि खाली बसले.

तो हार शेवटी मारोतीकाकांच्या गळ्यात पडला. ते बिचारे ओशाळून काढूच लागले होते.

त्या रात्री मी अक्कांकडे मुक्कामाला होते. भाकरी थापता थापता त्यांनी बाबांच्या उंबऱ्याची गोष्ट सांगितली. लहानपणी विहिरीवर त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं, तेही सांगितलं, कुणी ओतलं त्यांच्या नावांसकट. "मिलिंदा म्हणतो, अक्का, शून्य कर, पुढं चल. तो शिकला, पुढं गेला, चांगलंच झालं. पर बाई, मला न्हाई जमत पुसायला. मी समद्यांशी नीट बोलती. पुसत मात्र न्हाई." मी खाली मान घालून जेवले. इतकी वर्षं सरांच्या मोठ्या मनाचं कौतुक करताना ते मन कशाकशावरून हात फिरवून रोज शून्य होत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

त्यानंतर सर कधी "आधी शून्य" म्हणाले नाहीत. भांडण झालं की गप्प बसत आणि केळीही आणत नसत. सहा महिन्यांनी त्यांनी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली आणि गावी राहायला गेले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अंगणवाडीच्या नव्या खोलीच्या उद्घाटनाला. नवी टाकी लांब, मुरमाच्या उंचवट्यावर बांधली आहे. खोलीला दार मात्र जुनंच, खालून तासलेलं. अक्कांनी हट्टाने तेच लावून घेतलं. सर गुडघ्यांवर बसून भिंतीशी टांगलेल्या ओळंब्याच्या टोकाखाली लाल ऑइलपेंटने फरशीवर खूण करत होते. नव्या टाकीवरच्या चिपचा डबाही तिथेच होता. त्यावर आकडा होता ०.३१. चिप बसवतानाच थोडी तिरकी बसली असावी.

"शून्य नाही करायचं?" मी सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

"न्हाई. आज जे हाय ते हाय. ह्योच पहिला आकडा. ऊन किती हाय त्येबी शेजारी लिवायचं, मंग ते वेगळं वजा करता येतं." ते असं समजावत होते, जणू मीच त्यांच्या वर्गात बसले होते. "बटण बसवलंच न्हाई."

निघताना मी गाडीत बसले आणि मागे वळून पाहिलं. सर फाटकाशी उभे होते. उजव्या खिशात आता ओळंबा नव्हता, तो भिंतीला टांगलेला होता. पण त्यांचा हात त्या खिशात होता आणि अंगठा आत हलत होता. खिशाच्या कापडातून लाल गोल काहीतरी दिसलं, जुन्या डब्याच्या बटणाएवढं. टक. थोडं थांबून पुन्हा टक. ते माझ्याकडे बघून हसत होते आणि आपला अंगठा हलतोय हे त्यांना ठाऊकही नव्हतं. मी हात हलवायचं विसरले.

आतून अक्कांची हाक आली, "मिलिंद, आकडा लिवलास का रं?"

"लिवतो," सर म्हणाले, आणि हात खिशातून काढून आत गेले.